केमोची तारीख आणि एकादशी: उपचार चालू असताना व्रतं, उपास आणि देवधर्म कसे सांभाळायचे

कर्करोगाचं निदान झालं की घरातलं देवघर आणि स्वयंपाकघर एका दिवसात बदलतं. कोणी माळ घालतं, कोणी सोळा सोमवार धरतं, कोणी नवस बोलतं, कोणी साखर सोडतं. हे सगळं मनापासून केलेलं असतं आणि मनाला त्याचा आधारही मिळतो. गोंधळ होतो तो वेळेचा. शरीराला जेव्हा सगळ्यात जास्त अन्न, पाणी आणि विश्रांती लागते, नेमके तेच दिवस उपासाला, रांगेला आणि गर्दीला जातात. श्रद्धा तशीच ठेवून तिच्या रीतीत उपचारांपुरता काय बदल करायचा, ते इथं सांगितलं आहे.

आधी दिनदर्शिकेवर खुणा करा

भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा. ज्या दिवशी केमो दिली जाणार तो दिवस पहिला धरा. दर तीन आठवड्यांनी केमो असेल तर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्या आठ दिवसांभोवती लाल चौकट काढा. पंधरावा ते विसावा दिवस हिरवा. पहिले तीन-चार दिवस मळमळीचे, त्यांना पिवळा. केमो दर आठवड्याला असेल किंवा रोजच्या गोळ्या असतील तर हे गणित बदलतं. म्हणून ओपीडीत सरळ विचारा: "माझ्या पेशी कोणत्या दिवसांत सगळ्यात खाली जातील?" उत्तर तिथंच कागदावर लिहून घ्या.

आता त्याच पानावर तुमच्या एकादश्या, संकष्टी, सोमवार, सणवार बघा. लाल चौकटीत पडलेला सण घरातल्या घरात करायचा. देवदर्शन, नातेवाइकांकडची पूजा, जत्रा हे सगळं हिरव्या दिवसांत, तेही सकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत. पिवळ्या दिवसांत देवघरात दोन मिनिटं हात जोडले तरी पुरे.

अमावास्या आहे, पितृपक्ष आहे म्हणून केमो किंवा शस्त्रक्रिया पुढे ढकलायचा विचार बऱ्याच घरांत होतो. मनात तसं असेल तर तारीख ठरण्याआधी डॉक्टरांना सांगा. केमोच्या बाबतीत एक-दोन दिवस इकडेतिकडे करता येतात का, ते तेच सांगू शकतात. रेडिएशनची गोष्ट वेगळी. ते बहुतेक वेळा आठवड्यातून पाच दिवस, असं काही आठवडे सलग चालतं. तोंड, घसा आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मध्ये दिवस गाळले तर उपचाराचा गुण कमी होतो. सणासाठी गावी गेलो आणि चार दिवस गेलो नाही, असं तिथं करू नका.

लाल चौकटीच्या शेजारी एक आकडा ठळक लिहून ठेवा: १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस. काखेत किंवा तोंडात थर्मामीटर धरून एकदा जरी एवढा ताप दिसला तरी त्याच तासाला रुग्णालयात फोन करायचा आणि निघायचं. पॅरासिटामॉल देऊन "सकाळपर्यंत बघू" म्हणायचं नाही. पेशी कमी असताना जंतुसंसर्ग काही तासांत रक्तात पसरतो, आणि गोळीमुळे ताप उतरलेला दिसतो तोवर मोलाचा वेळ निघून जातो. घरात गणपती बसलेला असला तरी निघायचं. आरती घरचे करतील. अंगारा लावायचा असेल तर गाडीत बसल्यावर लावा.

उपास: काय मोडतं आणि काय मोडत नाही

धर्मशास्त्रात एक जुना श्लोक आहे. व्रत ज्यांनी मोडत नाही अशा आठ गोष्टी त्यात सांगितल्या आहेत: पाणी, मुळं, फळं, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. शेवटचा शब्द औषध आहे. आजाऱ्याला व्रतात सूट आहे, आणि त्याच्या वतीनं पती, पत्नी किंवा मुलानं प्रतिनिधी म्हणून उपास धरण्याची सोयही परंपरेतच आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे माहीत असतं, पण आजारपणाच्या धास्तीत विसरायला होतं. त्यांना आठवण करून द्या. "डॉक्टर नको म्हणाले" यापेक्षा "शास्त्रातच सवलत आहे" हे त्यांना लवकर पटतं. मुस्लिम घरांत रमजानचे रोजे आजाऱ्याला माफ असल्याचं कुरआनात स्पष्ट आहे: बरं झाल्यावर रोजे भरून काढायचे, ते शक्यच नसेल तर फिदया, म्हणजे त्याबदली गरिबाला जेवू घालायचं. उपवासकाळात आजारी माणसाला सूट देण्याची रीत चर्चमध्येही आहे.

आता हिशेब. उपचार चालू असताना दर किलो वजनामागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम साबुदाण्याच्या खिचडीत तीस ग्रॅम दाण्याचा कूट घातला तर त्यातून मिळतात जेमतेम आठ ग्रॅम. दोन कप चहा आणि एक केळं धरलं तरी दिवसाची बेरीज पंधराच्या आसपास अडकते. उरलेली भरपाई शरीर स्वतःच्या स्नायूंतून करतं. वजन उतरतं, हातापायातलं बळ जातं, आणि पुढच्या केमोच्या वेळी डोस कमी करावा लागतो किंवा तारीख पुढे जाते. केमोबरोबर स्टेरॉइड दिलेलं असेल तर साबुदाणा आणि बटाट्यानं साखरही वर चढते.

उपास धरायचाच असेल आणि मळमळ नसेल, मूत्रपिंडाचा त्रास नसेल, तर फराळ असा मांडा. सकाळी २५० मिली दूध, त्यात दोन चमचे दूध पावडर. दहा वाजता राजगिऱ्याच्या तीस ग्रॅम लाह्या अर्धी वाटी दुधात भिजवून. दुपारी भगर, पन्नास ग्रॅम दाण्यांची आमटी आणि मोठी वाटी ताजं दही. चार वाजता शंभर ग्रॅम पनीर तुपावर परतून, वर जिरं-मीठ. रात्री राजगिऱ्याचं एक थालीपीठ आणि पुन्हा २५० मिली दूध. यातून साठच्या वर ग्रॅम प्रथिनं जातात आणि उपासाची रीतही सांभाळली जाते. एका वेळी पोटात जात नसेल तर हेच सात-आठ भाग करून दर दीड-दोन तासांनी खा.

निर्जळी मात्र करायचीच नाही. सिस्प्लॅटिनसारखं औषध चालू असेल तर पाणी कमी पडल्यानं मूत्रपिंडाला इजा होते. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातलेली नसेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर ठेवा.

भगरीबद्दल थोडं सावध राहा. नवरात्रात आणि महाशिवरात्रीला भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या मराठवाड्यातून वारंवार येतात. दमट जागी ठेवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि तिचं विष शिजवूनही पुरतं जात नाही. सुटी भगर आणि दळून ठेवलेलं भगरीचं पीठ घेऊ नका. बंद पाकीट घ्या, तारीख बघा, निवडून धुऊन घ्या, पीठ लागेल तेवढंच घरी दळा. कुबट वास आला तर टाकून द्या. धडधाकट माणूस दोन दिवसांत सावरतो. केमोतल्या माणसाला तेच अंगावर येतं.

गोळ्यांचं वेळापत्रक उपासामुळे हलू देऊ नका. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते. इमॅटिनिब जेवणाबरोबर आणि भरपूर पाण्याबरोबर. ॲबिराटेरॉन रिकाम्या पोटी. तुमची गोळी यांतली कोणती, ते औषधवाल्याकडून पाकिटावरच लिहून घ्या. गणपतीत माटोळीला आणि आरासीला पपनस बांधतात. ते फळ ग्रेपफ्रूटच्या कुळातलं. कर्करोगाच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण त्यानं वाढतं. ते देवापुढे राहू दे. विचारल्याशिवाय खाऊ नका.

माळ घातली, अंडं सुटलं

हा पेच फार घरांत दिसतो. निदान झाल्यावर माणूस तुळशीची माळ घालतो आणि त्याच दिवशी तंबाखू, मिश्री, दारू आणि मांसाहार सोडतो. पहिल्या तीन गोष्टींचा फायदा उपचारांतच दिसतो: जखम लवकर भरते, रेडिएशनचा गुण वाढतो, तोंडातले फोड कमी होतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, दात घासायची पूड नव्हे, हे घरातल्या बायकांना आवर्जून सांगा. आणि हे सोडायला माळेइतकं बळ दुसऱ्या कशानं क्वचितच मिळतं.

अडचण अंडी-मासे सुटल्यानं येते, कारण त्यांची जागा कोणी भरत नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं. रोजची दोन अंडी गेली तर बारा ग्रॅम गेले. त्याऐवजी पंचवीस ग्रॅम सोयाबीनच्या वड्या, किंवा सत्तर ग्रॅम पनीर, किंवा दोन वाट्या घट्ट वरण रोजच्या ताटात जास्तीचं यायला हवं. हे जमत नसेल, तोंड आलेलं असेल आणि डाळ गिळवत नसेल, तर ज्यांच्या हातून माळ घ्यायची त्या महाराजांना खरी परिस्थिती सांगा. व्यसन आज सोडतो, माळ उपचार संपल्यावर घालतो, असं म्हणण्यात कमीपणा नाही. लपूनछपून अंडं खाऊन मनाला खात राहण्यापेक्षा हे किती तरी बरं.

तीर्थ, प्रसाद, धूप

लाल दिवसांत नदीचं, कुंडाचं, देवळातल्या पंचपात्रातलं तीर्थ पोटात घेऊ नका. हातावर घेऊन डोळ्यांना लावा, मस्तकी लावा. नाकातोंडात जाऊ देऊ नका. घरच्या तीर्थासाठी पाणी उकळून गार करा. पंचामृत घरी करायचं तर दूध उकळून थंड केलेलं आणि दही त्याच दुधाचं ताजं लावलेलं. मध लाल दिवसांत वगळा. तुळशीचं पान वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्या. बाहेरून आलेला प्रसाद कोरडा आणि बंद असेल तर ठीक: खडीसाखर, पाकिटातला राजगिऱ्याचा लाडू. कापून ठेवलेली फळं, फोडून ठेवलेलं खोबरं, शिरा, पेढे हे दुसऱ्या कोणी खावेत, तुम्ही कपाळाला लावा. तोंड आलेलं असेल तर लाडू दुधात कुस्करून घ्या, कोरडी बुंदी आणि चिवडा फोडांना टोचतात.

फुलं रोज ताजी वाहा आणि निर्माल्य त्याच संध्याकाळी उचला. फुलदाणीतलं साचलेलं पाणी जंतूंचं घर असतं, ते रुग्णाच्या खोलीत नको. उदबत्ती, धूप आणि कापूर यांच्या वासानं केमोनंतर उमासे येतात आणि छातीवर रेडिएशन झालं असेल तर खोकला सुटतो. तुपाचं निरांजन लावा. होम ठेवलाच तर रुग्णानं दुसऱ्या खोलीत, खिडकी उघडून बसावं.

पूजेआधी चूळ भरायची सवय असतेच. तिचाच उपयोग करा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा. रोज नवीन बनवायचं. सकाळच्या पूजेआधी, प्रत्येक खाण्यानंतर, सांजवातीला आणि झोपताना या पाण्यानं चूळ भरून टाकायची. दारू असलेला माउथवॉश आणि लवंगतेल नको, आग होते.

अंगावरच्या खुणा आणि अनवाणी पाय

ऑक्सॅलिप्लॅटिन चालू असेल तर डोस झाल्यावर काही दिवस गार पाणी बाधतं. बोटांना झिणझिण्या येतात, गार घोट घेतला की घसा आवळल्यासारखा होतो. सोवळ्यातली थंड पाण्याची आंघोळ तेव्हा बंद, कोमट पाणीच घ्या. याच औषधानं आणि पॅक्लिटॅक्सेलनं पायांची जाणीव कमी होते. उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घातली की तळवा भाजतो आणि कळतही नाही. घरी येऊन बघावं तर फोड. जाड सुती मोजे घाला, आणि रोज रात्री तळवे उजेडात बघा, बोटांच्या बेचक्यांसकट.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातात घट्ट बांगड्या, चुडा, राखी, गंडा काहीही घट्ट नको, हात सुजतो. सैल बांगड्या दुसऱ्या हातात भरा. भिजून राहणारे दोरे मनगटावर नकोत, खाली त्वचा मऊ पडून बुरशी धरते. दोरा देव्हाऱ्यात ठेवा. मान किंवा छातीवर रेडिएशन असेल तर मंगळसूत्र सुती पिशवीत घालून घरी सुरक्षित ठेवायचं. रेडिएशनच्या जागेवर हळद, चंदन, भस्म, पावडर लावायची नाही आणि आखलेल्या खुणा पुसायच्या नाहीत. कपाळावरच्या कुंकवाला हरकत नाही, खाज आली तर तेवढं बंद करा.

केस पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात. तेव्हा मशिननं बारीक करून घ्या. वस्तरा नको, त्याच्या बारीकशा कापल्या जागेतून संसर्ग शिरतो. तिरुपतीचं किंवा कुलदैवताचं मुंडण बोलला असाल तर ते उपचार संपून केस परत आल्यावर फेडा. डोकं बोडकं झाल्याचं बाईच्या मनाला काय वाटतं हे घरातल्यांनी ओळखावं. सुती रुमाल, पदर, टोप, तिला हवं ते आधीच आणून ठेवा, आणि हळदीकुंकवाला तिला पहिल्यासारखंच बोलवा.

पाठीच्या कण्यात आजार गेला असेल तर साष्टांग नमस्कार आणि सूर्यनमस्कार बंद. बिंबिका (प्लेटलेट्स, रक्त गोठवणाऱ्या पेशी) ५०,००० च्या खाली असतील तर घसरायच्या जागी, रांगेत, घाटावर जायचं नाही. पंढरीला जायचं झालं तर हिरव्या दिवसांत, वारीची गर्दी ओसरल्यावर, पदस्पर्शाची रांग सोडून मुखदर्शन घ्या. चालायचं असेल तर तुळशीभोवती किंवा अंगणात, सकाळ-दुपार-संध्याकाळ दहा-दहा मिनिटं. तेवढ्यानं थकवा खरोखर कमी होतो.

शस्त्रक्रियेनंतर शौचासाठी पोटावर पिशवी लावलेली माणसं पूजेला बसत नाहीत, स्वतःला विटाळलेलं समजतात. हे ऐकून फार वाईट वाटतं, कारण त्यावरचा उपाय अगदी सोपा आहे. पूजेच्या अर्धा तास आधी पिशवी रिकामी करा. ती एक-तृतीयांश भरली की रिकामी करायची, अर्ध्याच्या पुढे जाऊ द्यायची नाही, वजनानं सुटते. बदलायची असेल तर सकाळी काही खाण्यापूर्वी, तेव्हा आतडं शांत असतं. वास येत असेल तर चिकटपट्टीची कड सुटली आहे का ते बघा. मग हातपाय धुऊन सरळ पाटावर बसा. कंबर वाकवत नसेल तर खुर्चीवर बसा.

मशिनखाली आणि तोंड उघडताना

रेडिएशनच्या टेबलावर दहा-पंधरा मिनिटं एकट्यानं न हलता पडून राहावं लागतं, आणि डोक्या-मानेच्या आजारात चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा घट्ट बसवतात. जीव घाबरतो. इथं पाठांतर फार उपयोगी पडतं. मारुतीस्तोत्र, रामरक्षा, कलमा, जपमाळ, जे तोंडपाठ असेल ते मनातल्या मनात म्हणा. ओठ आणि जबडा हलवायचा नाही, श्वास संथ. दोन-तीन दिवसांत कळतं की अमुक कडव्याला मशिन थांबतं, आणि मग वेळ आपल्या हातात आल्यासारखी वाटते. श्वास रोखायला सांगितलं असेल तर मात्र फक्त तंत्रज्ञाचं ऐकायचं.

तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर आणि रेडिएशननंतर जबडा आखडतो. रोज सकाळी स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का ते बघा. दोनच जाऊ लागली तर डॉक्टरांना दाखवा. शिकवलेला व्यायाम आरतीच्या वेळांना जोडला की चुकत नाही. डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली की हरिपाठ मोठ्यानं म्हणा, प्रत्येक अक्षर सुटं. आवाज बोबडा येईल. येऊ दे.

नवस, काढे आणि लोकांचं बोलणं

नवस बोलताना तो अंगावर आणि खिशावर बेतणार नाही असा बोला. पारायण, दिवा, बरं झाल्यावर अन्नदान. देवाच्या नावावर कर्ज काढू नका हे गाडगेबाबा गावोगाव सांगत. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आज टाटा रुग्णालयातले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक उतरतात. अनुष्ठानाला हजारो रुपये मागणाऱ्याला देण्याआधी रुग्णालयातल्या समाजसेवकांना भेटा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तुमचे उपचार बसतात का ते विचारा.

काढ्यांचं सांगायचं तर स्वयंपाकातली हळद, आलं, तुळस चालते. कॅप्सूल, अर्क, भस्म, गुळवेलीचा रस यांचं तसं नाही. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. केमोची बरीच औषधं यकृतातूनच बाहेर पडतात. जे घेता त्या सगळ्या बाटल्या पिशवीत घालून ओपीडीत न्या आणि टेबलावर मांडा. लपवलेला काढा हा डॉक्टरांना सगळ्यात शेवटी सापडतो.

"पूर्वजन्मीचं पाप", "देवाचं काही राहिलं असेल" असं बोलणारे येतातच. रुग्णानं उत्तर द्यायची गरज नाही, घरातल्या एकानं दारातच ते थांबवावं. रामकृष्ण परमहंस १८८६ मध्ये घशाच्या कर्करोगानं गेले. रमण महर्षींच्या हातावर कर्करोगाची गाठ झाली, अनेकदा शस्त्रक्रिया झाल्या, १९५० मध्ये ते गेले. त्यांच्या भक्तीत काय कमी होतं? एवढं विचारलं की बहुतेक माणसं गप्प होतात.

आणि आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तेव्हा तोंडात गंगाजल घालण्याची घाई नको. गिळता येत नसताना चमचाभर पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं आणि शेवटच्या तासांत ठसका, घरघर आणि धाप लागते. उशा लावून डोकं वर करा. स्वच्छ कापसाचा बोळा गंगाजलात बुडवून, पिळून, ओठांवरून आणि हिरड्यांवरून हलकेच फिरवा. तुळशीचं पान ओठांवर टेकवा, जिभेवर सोडू नका. नाव कानाशी, हळू आवाजात घ्या.